पटत नाही ते लिहा

हेडबाई तास बघायला आल्या की शिक्षकाकडे बघत नसत. मागच्या दाराने येत, शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीला थोडं सरकायला सांगत आणि पूर्ण तास त्या मुलीच्या वहीत बघत बसत. त्यांच्या स्वतःच्या हातात ना कागद असे, ना पेन. तास संपला की मुलीच्या पाठीवर हात ठेवून निघून जात. दुपारी ऑफिसात बोलावणं येई. फळ्यावरचं तिसरं उदाहरण वर्गातल्या कोणालाच कळलं नाही, हे त्या सांगत. ते तुमच्याही लक्षात आलं होतं आणि म्हणून तुम्ही आवाज वाढवलात, हेही सांगत. दोन्ही गोष्टी खऱ्या असत. सहा वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला मी एकदाही पाहिला नाही.

आमची माध्यमिक शाळा सातारा जिल्ह्यात, औंधच्या पुढे, माणकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शिक्षक बावीस. हेडबाईंचं आडनाव मणेर, गाव शिराळा. तिथे त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. नागपंचमीला गर्दी उसळली की वडील गिऱ्हाईक बाईच्या मनगटाला हात न लावता, नुसतं बघून माप सांगायचे आणि बांगडी बरोबर बसायची, असं बाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं. स्वतःच्या नजरेबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. वर्षातून एकच किरकोळ रजा घेत, ती नागपंचमीची. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, एवढं कारण अर्जात असे.

दर जूनमध्ये शिक्षकांना स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर मुख्याध्यापकाचा शेरा आणि सही होते आणि तो गोपनीय अहवालाला जोडला जातो. फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो: येत्या वर्षासाठी स्वतःच्या व्यावसायिक विकासाची उद्दिष्टे. या रकान्यात काय लिहायचं हे राज्यभर ठरलेलं आहे. नमुना शिक्षकांच्या ग्रुपवर येतो, तो उतरवायचा. बाई आमच्या शाळेत आल्या त्या वर्षी बावीसपैकी एकोणीस फॉर्मांत विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचं तेच वाक्य होतं. विज्ञानाच्या जाधव सरांनी तर नमुन्यातलं शाळेचं नावही तसंच उतरवलं होतं. शाळा मिरजेची होती.

बाईंनी तो फॉर्म मीटिंगमध्ये हातात धरला. ‘‘जाधव सर, मिरजेची पोरं आपली वाट बघत असतील. जाताय कधी?’’

स्टाफरूम हसली. जाधव सरही हसले. मग बाईंनी सगळ्या फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सही न करता परत दिला. त्या म्हणाल्या, ‘‘जो धडा तुम्ही दरवर्षी घाईत उरकता, त्याचं नाव या रकान्यात लिहा. का उरकता, तेही लिहा. बाकी काही नको. जे मला पटत नाही त्याच्यावर मी सही करत नाही.’’

मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून त्या शाळेत मराठी शिकवायला आलो होतो. माझाही फॉर्म परत आला. ‘‘कोण, कुठं, कधी, यातलं यात काय आहे?’’ बाईंनी विचारलं. ‘‘अशी बातमी छापली असतीत का तुम्ही?’’ छापली नसती. त्या वर्षी मी लिहिलं, की कविता शिकवताना मी फक्त पहिल्या तीन बाकांना प्रश्न विचारतो, कारण मागून उत्तर आलं नाही तर तास पडतो. हे लिहायला मला आठ दिवस लागले. बाईंनी दोन मिनिटांत सही केली.

त्यांचा स्वतःचा फॉर्म ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलेला असे. शिक्षकांनी, शिपायांनी, वाटल्यास मुलांनीही वाचावा म्हणून. एका वर्षी त्यावर लिहिलं होतं: पालकसभेत मी पुरुषांकडे बघून बोलते. बायका मागे बसतात आणि न बोलता घरी जातात. पुढच्या सभेत बाईंनी खुर्च्यांची तोंडं उलटी करायला लावली. पुढारी मंडळी मागच्या रांगेत गेली आणि तिथून निमूट ऐकत बसली. अशी गोष्ट करताना त्या भाषण करत नसत. खुर्च्या उलट्या करून घेत, बस्स.

गणिताचे खरात सर अठरा वर्षं दहावीला शिकवत होते. मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. सगळ्या वस्तीत त्यांचा शब्द चालतो. पर्यवेक्षक बाईंच्या निवृत्तीच्याच वर्षी निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेनुसार ती जागा खरात सरांची होती. त्यांच्यानंतर जाधव सर. बाईंच्या कारकिर्दीच्या शेवटच्या जूनमध्ये खरात सर फॉर्म घेऊन ऑफिसात आले तेव्हा मी तिथे वेळापत्रक करत बसलो होतो. रकाना कोरा होता.

‘‘बाई, धडा हाय. पण लिवायची लाज वाटती.’’

‘‘सांगा तरी.’’

‘‘संभाव्यता. शेवटच्या आठवड्यात उरकतो. दोन नाणी उडवली तर पुस्तक म्हणतं शक्यता चार. दोन्ही छापा, दोन्ही काटा, छापा-काटा आन् काटा-छापा. मला आतनं वाटतंय, तीनच हायत. एक छापा एक काटा म्हंजे एकच की. अठरा वर्सं पोरांस्नी चार सांगतोय. मला पटलेलं न्हाई.’’

दहावीचा गणिताचा शिक्षक हे बोलला होता. बाईंनी जरा विचार केला. त्या भूगोलाच्या. ‘‘मलाही तीनच वाटतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उडवून बघू या?’’

आणि त्यांनी पर्समधून नाणी काढली. सलग चार दिवस, मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला, मुख्याध्यापिका आणि गणिताचे शिक्षक ऑफिसच्या टेबलावर दोन नाणी उडवत होते आणि शिपाई कागदावर रेघा ओढत होता. आलेल्या पालकांना बाहेर थांबवलं गेलं. एक छापा एक काटा हे निम्म्याच्या आसपास येत राहिलं. तीनच शक्यता असत्या तर ते तिसऱ्या हिश्शाला थांबलं असतं. चौथ्या दिवशी बाईंनी एक नाणं बदलून जुनं, काळपट पडलेलं घेतलं. खरात सर दोन्ही नाण्यांकडे बघत राहिले. काळ्यावर छापा आणि नव्यावर काटा एकदा, काळ्यावर काटा आणि नव्यावर छापा एकदा. ‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘ही दोन येगळी हायत की.’’ मग ते खुर्चीत मागे टेकले. बाईंनी नाणी पर्समध्ये टाकली आणि बाहेरच्या पालकांना आत बोलावलं.

फॉर्मवर खरात सरांनी स्वच्छ लिहिलं: संभाव्यता हा घटक मी अनेक वर्षे स्वतःला न पटता शिकवत आलो. यंदा तो समजून घेऊन शिकवणे. त्या वर्षी त्यांनी तो धडा शेवटी न घेता सप्टेंबरात काढला आणि पत्त्यांचा जोड वर्गात आणला, कारण निम्म्या मुलांनी आणि जवळजवळ सगळ्या मुलींनी पत्ता हातात धरलेला नव्हता. राजा-राणीची चित्रं किती, हे त्यांना पुस्तकातूनच पाठ करावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी एक पालक तावातावाने आला.

‘‘आवं बाई, पोरगी घरात इस्पिक-किलवर बोलाय लागलीया. साळंत काय चाललंय ह्ये?’’

‘‘चला, दाखवते,’’ म्हणून बाईंनी त्याला वर्गात नेऊन बसवलं. तासाच्या शेवटी तो गृहस्थ खरात सरांना विचारत होता, की मग आपल्याला सारखे हलकेच पत्ते का येतात.

‘‘खेळणं सोडा की मग,’’ खरात सर म्हणाले. वर्ग हसून लोटपोट झाला.

जानेवारीत शाळा चालवणाऱ्या संस्थेची तपासणी समिती आली. हजेरीपट, टाचणवह्या, मग फॉर्म. संस्थेच्या सचिवांनी खरात सरांचा फॉर्म दोनदा वाचला. ‘‘बाई, दहावीचा गणिताचा शिक्षक असं लेखी देतो? आणि यालाच आपण पर्यवेक्षक करायचं?’’

‘‘मी लिहायला लावलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तो धडा आता त्यांच्याइतका चांगला तालुक्यात कोणी शिकवत नसेल. तासाला बसा.’’

समितीला वेळ नव्हता. निघताना सचिवांनी बाईंना बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. ‘‘हा फॉर्म गहाळ झाला असं समजू. दुसरा भरून पाठवा. मला कागद नीट लागतो, एवढंच.’’ आणि कोरा फॉर्म बाईंच्या हातात दिला.

त्या दुपारी बाईंनी खरात सरांना बोलावलं. माझ्यासमोरच बोलल्या, आणि ते बोलणं मी आजवर विसरू शकलेलो नाही. सचिवांचा शब्द न् शब्द त्यांनी सांगितला. मग कोरा फॉर्म टेबलावरून पुढे सरकवला. ‘‘तुम्हाला पाहिजे ते लिहा. नमुन्यातलं वाक्य लिहिलंत तरी चालेल. मी सही करते.’’

खरात सरांनी फॉर्म उलटून पालटून पाहिला. न पटणाऱ्या कागदावर बाईंची सही आम्ही कोणी पाहिली नव्हती. संस्थेच्या दबावाखाली नाही, सरकारी शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांसमोरही नाही. तीस वर्षं पाळलेली गोष्ट त्या एका माणसाच्या जागेसाठी मोडायला निघाल्या होत्या, आणि तेही आवाजात काही फरक न पडू देता.

फॉर्म गुरुवारी घरी गेला. सोमवारी परत आला. रकान्यात जूनमधलं तेच वाक्य होतं, अधिक सुवाच्य अक्षरात, आणि खाली एक ओळ वाढली होती: सप्टेंबरअखेर पूर्ण. बाईंनी वाचून सही केली आणि फॉर्म स्वतः साताऱ्याला संस्थेच्या कार्यालयात नेऊन दिला. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की सचिवांनी चहा दिला नाही.

मार्चमध्ये पत्र आलं. पर्यवेक्षक म्हणून जाधव सरांची नेमणूक झाली होती.

एप्रिलच्या एका रविवारी बाईंनी मला गाडी काढायला सांगितली. खरात सरांची वस्ती शाळेपासून अर्ध्या तासावर. सर रानात गेले होते. त्यांच्या आई अंगणात लोकर पिंजत बसल्या होत्या. बाई समोरच्या घोंगडीवर बसल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, ‘‘आजी, तुमच्या मुलाची बढती गेली. ती माझ्यामुळं गेली. मी त्यांना एक गोष्ट कागदावर लिहायला लावली. तुमच्या घराचं नुकसान झालं, ते सांगायला आले.’’

असं कबूल केल्यावर समोरचा माणूस आपल्याला मोकळं करतो अशी अपेक्षा असते. आजींनी हातातलं काम थांबवलं नाही. ‘‘व्हय, झालं की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लय झालं. वरीसभर त्यो ‘आई, औंदा सायेब हुतोय बघ’ म्हणत हुता.’’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘चा घेनार न्हवं?’’

‘‘घेते,’’ बाई म्हणाल्या. त्यांनी तो आरोप खाली बघून नाही, आजींच्या डोळ्यांत बघून ऐकून घेतला होता.

चहा होईपर्यंत खरात सर आले. काय बोलणं झालं ते आईकडून कळल्यावर संकोचले, मग चिडले. इतक्या वर्षांत बाईंवर आवाज चढवताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

‘‘आवं बाई, सारखं माझ्यामुळं माझ्यामुळं काय करताय? जूनचा फॉर्म तुमी सांगितला म्हणून लिवला, मान्य. दुसरा कोणी सांगितला हुता? तुमी तर कोरा दिलता. सही करते म्हणाला हुता.’’ ते थांबले. ‘‘वर्गात मी पोरांस्नी सांगितलंय, मला पन पटत न्हवतं म्हणून. त्या दिवसापास्नं पोरं इचारत्यात. अठरा वर्सांत इचारली न्हवती एवढं इचारत्यात. आन् कागदावर दुसरं लिवून मी त्यांच्यापुढं उभा कसा राहू? त्यो फॉर्म माझा हाय. त्यात तुमचं काय न्हाई.’’

बाईंनी कप खाली ठेवला. त्या उठल्या, आजींच्या पाया पडल्या आणि गाडीत येऊन बसल्या. औंधच्या फाट्यावर म्हणाल्या, ‘‘बरोबर बोलले ते.’’ एखाद्या मुख्याध्यापिकेने आपली चूक इतक्या समाधानाने सांगितलेली मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

मे अखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी सकाळी लवकर उरकून घेतला, सुट्टीतल्या जादा तासांचा वेळ जायला नको म्हणून. भाषण केलं नाही. ऑफिसच्या किल्ल्या मोजून दिल्या आणि शिराळ्याच्या एसटीत बसल्या. आता तिथे भावाच्या दुकानात त्या सकाळी दोन तास बसतात असं कळतं.

जाधव सरांची आता संस्थेच्या दुसऱ्या शाखेत मुख्याध्यापक म्हणून बदली होणार आहे. पर्यवेक्षकाची जागा येत्या जूनमध्ये पुन्हा रिकामी होते आहे. समितीत माणसं तीच आहेत. खरात सरांनी अर्ज केला आहे. मागील वर्षांच्या स्वयंमूल्यमापनाची एक प्रत जोडावी, असं अर्जाखाली छापलेलं आहे. कोणत्या वर्षाची जोडावी, हे अर्जदारावर सोडलेलं आहे. खरात सरांनी त्या सोमवारी परत दिलेल्या फॉर्मची जोडली आहे.