काकू रमीत जिंकल्या

हे मी कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. लपवायला फार कष्टही पडले नाहीत, कारण कोणी विचारलंच नाही. तुम्हीही विचारलेलं नाही. तरी सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्यातल्या ज्या सायंदैनिकात मी उपसंपादक होते, ते बंद पडलं. तिथे मला एक गोष्ट नीट शिकवली होती. विशेषणं नकोत, दिसलं तेवढं लिहा, लिहिलेलं प्रत्येक वाक्य उद्या कोणी तपासलं तरी टिकलं पाहिजे. हे शिक्षण मी पुढे कशासाठी वापरलं, तेच सांगायचं आहे. पण एकदम तिथे जाता येत नाही मला. थोडं अलीकडून येते.

वर्तकनगरात आमच्या कॉलनीसमोर झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं. त्यात दोन कॉम्प्युटर आले आणि पाटीवर 'सायबर कॅफे' असं रंगवलं गेलं. मालकाला सगळे बाळूशेठ म्हणत. मी रविवारी सकाळी तिथे बसायची, कारण तेव्हा अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ असायची आणि तिकडच्या मराठी माणसांची चॅटरूम भरलेली असायची. भिंत आणि झेरॉक्स मशीन यांच्या मधली खुर्ची माझी. एकदा बसलं की बाळूशेठने मशीन सरकवल्याशिवाय उठता यायचं नाही.

"काय मॅडम, आज अमेरिकेत काय भाव?" तो विचारायचा.

मी काम शोधत होते. भाषांतर, मुद्रितशोधन, मिळेल ते. रूममध्ये 'काम आहे का' असं विचारलं की एक तर उत्तर यायचं नाही, नाहीतर कोणी वय विचारायचं. बरेच रविवार असेच गेले. मग एकाने सहज विचारलं, तलावपाळीवर तो कुल्फीवाला अजून उभा असतो का? मी पुढच्या आठवड्यात जाऊन बघितलं आणि लिहिलं की असतो, गाडीला निळा रंग दिला आहे, आता मुलगा बसतो. रूममधल्या सरकणाऱ्या ओळी क्षणभर थांबल्या. आणि मग प्रश्नच प्रश्न. कोलशेतच्या कारखान्याचा भोंगा होतो का? घोडबंदर रोडला अजून झाडी आहे का? मी बघून येत गेले, लिहीत गेले. आणि न मागता काम यायला लागलं. कोणाच्या लग्नाची पत्रिका, कोणाच्या भावाचा बायोडेटा, सोसायटीला द्यायचा अर्ज. जाहिरात अशी काही नव्हती तिथे. एकाने सगळ्यांसमोर चांगलं म्हटलं की दुसरा यायचा. इतकंच.

हेमंत तसाच आला. डोंबिवलीचा. आई, म्हणजे सुमतीकाकू, तिथे एकट्या. त्याचं काम वेगळं होतं. दर आठवड्याला आईकडे जायचं, थोडा वेळ बसायचं आणि ती कशी आहे ते त्याला लिहायचं. फोन तो करायचाच. पण फोनवर काकूंची वाक्यं ठरलेली. जेवलास का, थंडी आहे का, ठेव आता, बिल होतंय. त्यातून त्याला काय कळणार?

सुमतीकाकूंनी मला पहिल्या दिवशी दारातच अडवलं. "हेमंतने पाठवलंय ना? माझ्यावर पाळत ठेवायला?"

"नाही काकू. गप्पा मारायला."

"गप्पांना पगार? आम्ही जन्मभर फुकटच मारल्या की गं!"

मग पत्ते निघाले. काकू रमी खेळायच्या, शेंगदाण्यांवर. मी चुकले की टेबलावर बोट आपटायच्या. "पेपरवाली ना तू? समोर राणी पडलीय ती दिसत नाही, बातम्या कुठून दिसायच्या!" जिंकलेले शेंगदाणे त्या तिथेच खाऊन टाकायच्या, म्हणजे मला परत जिंकायची सोय नको.

मी पहिला वृत्तान्त पाठवला, 'काकू रमीत जिंकल्या. मला दुसरा धंदा बघायला सांगितलं.' हेमंतने तो रूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवावा तसा टाकला. लोक हसले. त्याच रविवारी एकाने विचारलं, कल्याणला माझ्या वडिलांकडे जाल का? नंतर नौपाड्यातलं एकीच्या मावशीचं घर आलं, मग आणखी दोन घरं. दर रविवारी रूममध्ये कोणीतरी हेमंतला विचारायचंच, आई जिंकली का? तो लिहायचा, जिंकली. माझं सगळं काम त्या एका शब्दावर उभं होतं—हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर कळलं असं म्हणणार नाही.

पावसाळा सरता सरता काकूंच्या हातातले पत्ते वाढायला लागले. पत्ता उचलायच्या आणि टाकायचं विसरायच्या. एकदा न जुळणारी बदाम-इस्पिक एकत्र लावून त्यांनी पानं खाली ठेवली. "झाली रमी." मी पानांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्या वाट बघत होत्या.

"जिंकलात काकू," मी म्हटलं.

पहिल्यांदा ते दयेपोटी होतं का? असेल. दुसऱ्यांदा नव्हतं.

त्या आठवड्याला मी काय लिहिलं? 'काकू रमीत जिंकल्या.' खोटं होतं का? मी हार मानली होती, शेंगदाणे त्यांनी खाल्ले होते. मी लिहिलं, 'काकू स्वतः दूध आणायला जातात.' जात होत्या. दिवसातून दोनदा, तीनदा जात होत्या, आणि फ्रिजमध्ये पिशव्या नासत होत्या. मी लिहिलं, 'मी पोचले तेव्हा चहा ठेवला होता.' ठेवला होता. पातेलं काळं पडलं होतं आणि त्या आत झोपल्या होत्या. गॅस मी बंद केला. पातेलं घासून जागेवर ठेवलं. जाताना शेजाऱ्यांना सांगावं असं मनात आलं, पण शेजाऱ्यांकडे हेमंतचा नंबर होता.

ओळ न् ओळ तपासा. माझ्या वृत्तान्तात एकही खोटं वाक्य सापडणार नाही.

असं किती चालणार होतं? मला वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू. पण पुढच्या रविवारी सांगायचं तर तो विचारणार, कधीपासून? आणि मागचे सगळे रविवार तिथे उभे. प्रत्येक आठवड्याने दार थोडं आणखी लावून घेतलं, आणि कडी माझ्याच हातात होती.

थंडी सुरू व्हायच्या सुमारास हेमंतने रूममध्ये, सगळ्यांसमोर, सरळ विचारलं. सुट्टी मिळते आहे. डिसेंबरमध्ये एकटा येऊन जाऊ, की मेमध्ये मुलांना घेऊन येऊ? दोन्ही जमणार नाही. तुम्ही आईला दर आठवड्याला बघता. काय करू ते तुम्हीच सांगा.

मी खुर्चीत बसून राहिले. कल्याणचे वडील ज्यांचे, ते रूममध्ये होते. नौपाड्याची मावशी जिची, तीही होती. हेमंतला वेगळं लिहिता आलं असतं—त्याचा ईमेल माझ्याकडे होता. घरी जाऊन विचार करता आला असता. मशीन सरकवायला सांगायचं होतं फक्त.

"वाढवू का अर्धा तास?" बाळूशेठने विचारलं. मी नको म्हटलं आणि टाइप केलं, 'मेमध्ये या. काकूंना नातवंडं भेटतील.'

यातही खोटं काही नाही.

आता जे लिहिलं नाही ते सांगते. डिसेंबरात काकूंना तो आठवत होता. माझं नाव त्या विसरायच्या, वार विसरायच्या, पण मी गेले की विचारायच्या, "हेमंत कधी यायचाय गं?" शाळेत असताना तो डबा मित्रांना वाटून उपाशी घरी यायचा, हे सांगायच्या. दर खेपेला सांगायच्या. तेव्हा तो दारात उभा राहिला असता तर त्यांनी त्याला नावाने हाक मारली असती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. मी समोर बसले होते. त्यांचा तो प्रश्न मी कधीही त्याला कळवला नाही.

मेमध्ये तो आला. बायको-मुलांना सासुरवाडीला ठेवून पहिल्या दिवशी एकटाच आला. मलाही बोलावलं होतं. काकूंनी दार उघडलं, पदर सारखा केला, "या, बसा" म्हणाल्या. पाणी आणून दिलं. मग माझ्याजवळ वाकून हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण गं? जेवायला थांबणार आहेत का?"

ते त्याला ऐकू गेलं. तो हसला. त्याला वाटलं, आई नेहमीसारखी थट्टा करतेय. थट्टा मीच तर कळवत आले होते त्याला. हसू जायला थोडा वेळ लागला.

नंतर बाल्कनीत तो मला म्हणाला, "हे अचानक झालं ना ताई?"

मी म्हटलं, "हो. अचानक."

त्या वर्षभरात मी हेमंतला सांगितलेलं हे पहिलं सरळ खोटं वाक्य. बाकी सगळं खरं होतं.

आत जाऊन त्याने पत्त्यांचा कॅट शोधला, पिसला आणि वाटला. काकूंनी पानं हातात धरली नाहीत. एकेक करून टेबलावर सुलटी मांडली, कडा जुळवून, ताटाभोवती रांगोळी घालावी तशी. सगळी पानं दिसत होती. हेमंत बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिला. मग एकदा, अगदी थोडं, त्याने माझ्याकडे बघितलं. आपली पानं उपडी ठेवली आणि आईला म्हणाला, "जिंकलात तुम्ही."

आईला 'तुम्ही' म्हणाला. काकूंना ते बरोबरच वाटलं. त्यांनी शेंगदाणे पुढे ओढले आणि आलेल्या माणसाला त्यातले दोन दिले.

त्याला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मी माझ्या खुर्चीत होते. रूममध्ये नेहमीप्रमाणे कोणीतरी विचारलं, आई जिंकली का? हेमंत डोंबिवलीतल्याच कुठल्या तरी कॅफेतून लिहीत होता. ओळ यायला वेळ लागला.

'जिंकली,' त्याने लिहिलं.

लोक हसले. ठाण्यात आई असलेल्या एका बाईंनी तिथेच मला विचारलं, आमच्याकडे जाल का?

मी हो म्हटलं.