कमी आलेला आकडा

त्या दिवशी बद्रीनाथ साइटवरून अकरालाच घरी आला आणि कपड्यानिशी फरशीवर आडवा झाला. पूर्णिमाला वाटलं, ऊन लागलं. वाघोलीच्या उघड्या माळावर नव्या बिल्डिंगच्या पायाला वाळवीचं औषध मारायचं, वर सावली नाही, ऊन लागणारच. तिनं कांदा ठेचून तळपायाला चोळला. पण घाम थांबेना. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, आणि दंडाचं मांस कातडीखाली नुसतं फडफडत होतं.

"काहून असं होऊन राहिलं?"

"पाइप निसटला. सगळी पाठ भिजली."

"मग अंग नाही धुतलं?"

"पाणी कुठं तिथं? शर्ट अंगावरच वाळला."

तिनं रिक्षा केली, घरातली कागदांची पिशवी उचलली आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला. बाहुली मोहरीएवढी झाली होती. इंजेक्शनावर इंजेक्शनं दिली, नळी घातली. चारच्या सुमाराला बद्रीनाथ गेला. वय एकेचाळीस.

वाशिमकडून पुण्यात आला तेव्हा पहिली काही वर्षं सदाशिव पेठेत घरोघरी झुरळांचं औषध मारायचा. तिथले एक श्यामसुंदरकाका त्याला म्हणाले होते, "अहो, झुरळं मेली नाहीत, फक्त तुम्हाला ओळखायला लागलीत." हे सांगताना तो स्वतःच पोट धरून हसायचा. मग संगणकाच्या कंपन्या आल्या, काचेची ऑफिसं आली, त्यांच्या माणसांसाठी बिल्डिंगा उठल्या. काम इतकं वाढलं की रविवार उरला नाही. त्या मोठ्या ऑफिसांना कागद लागायचे, म्हणून फवारणीवाल्यांचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासायचे. एक कागद फवारणीच्या कंपनीतल्या साहेबाच्या फायलीत, एक घरी.

पूर्णिमा चौथी शिकलेली. इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात. पहिल्या कागदावर सात हजार. मग चार हजार. फेब्रुवारीत अठराशे, तेही जाड छापलेलं. सासूबाई विमलाबाईंची साखर उतरली की डॉक्टर खूश व्हायचे, ते तिनं पाहिलेलं. तिनं त्या दिवशी शिरा केला.

"तब्येत सुधारून राहिली तुमची."

"मग डोकं काहून दुखते रोज?"

"चष्मा लागला असंल."

साहेबानंही कागद फायलीत लावला.

दवाखान्यात तिनं ते कागद डॉक्टरांपुढं धरले. "चांगलं होतं हो सगळं. कमी कमीच येत होता आकडा."

डॉक्टरांनी ते तारखेप्रमाणे लावून पाहिले. म्हणाले, "बाई, हा कमी होऊ द्यायचा नसतो. नस स्नायूला हुकूम देते, आवळ म्हणून. काम झालं की तो हुकूम पुसणारं एक एन्झाइम अंगात असतं. फवारणीच्या औषधानं ते निकामी होतं. हा आकडा त्याचाच. मग हुकूम पुसलाच जात नाही. अंग फडफडतं, थकतं, शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात."

"आधी कळलं असतं तर?"

"दोन-तीन महिने फवारणी बंद. हळूहळू भरून येतं."

एवढंच. औषध नाही, ऑपरेशन नाही. नुसतं घरी बसायचं होतं. तिनं मात्र त्याला शिरा खाऊ घालून कामावर पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गल्लीतली यमुनाबाई सुतकाच्या घरी शेजारी नेतात तो कडू घास घेऊन आली, पिठलं आणि भाकरी. तिचा नवरा बाबुराव बद्रीनाथच्याच जोडीला काम करायचा. बळंच घास भरवत, समजूत घालायला म्हणून ती म्हणाली, "नशीब गं एकेकाचं. आमचं बी तेच काम हाय. परवा यांच्या रक्ताचा कागद आला. बाराशेच निघालं, लई कमी."

पूर्णिमानं घास ताटात ठेवला आणि उठली.

"पूर्णिमा, सुतकात कुठं चालली?" विमलाबाई म्हणाल्या.

ती तशीच अनवाणी गेली. बाबुराव बूट घालत होता. तिला पाहून गडबडला. "वहिनी, तुम्ही बाहेर कशा काय आलात?"

"जाऊ नका."

"अहो, साइटवर न्यायला गाडी आलीय."

"तुमचा आकडा यांच्याहून कमी हाय. माझं चुकलं होतं, भाऊ. कमी वाईट असतो."

आणि ती त्याच्या दारातच आडवी बसली. कोपऱ्यावर गाडीनं दोनदा हॉर्न दिला. बाबुराव एका पायात बूट घालून उभा राहिला. थोड्या वेळानं गाडी निघून गेली.