शिवाजीभाऊंची एकुलती डिस्क

शिवाजीभाऊ हार्डडिस्कची वायर काढण्याआधी तिच्यावर तळहात ठेवायचे, ताप बघावा तसा. मी घाई केली की म्हणायचे, "थांब जरा. दम खाऊन राह्यली ती."

जाफराबादच्या त्यांच्या फोटो स्टुडिओत दोन जुने कॉम्प्युटर होते. बाहेरच्यावर मी फोटो करायचो, आतल्यावर भाऊ लग्नाचं शूटिंग एडिट करायचे. दोन्हींत जागा उरली नव्हती, म्हणून सगळं काम बाहेरून जोडायच्या एकाच डिस्कवर. दिवसभर ती या टेबलावरून त्या टेबलावर जायची. "हिला दोन दोन सासरं. जपून वागवायचं," भाऊ म्हणायचे.

एका दुपारी राजूरच्या मीराच्या लग्नाचं काम चालू असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली होती. वीज आली तेव्हा डिस्क नुसती टकटक करू लागली. भाऊंनी ती आत लावली, बाहेर लावली, वायर बदलली. दोन्ही कॉम्प्युटरांना ती दिसेना. मूळ कॅसेटवर तोवर दुसरं लग्न भरलं होतं.

भाऊ डिस्क घेऊन एसटीनं औरंगाबादच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. "मुंबईला नेली तरी काही निघायचं न्हाई म्हणला," एवढं सांगून खुर्चीत बसले, ते दुकान बंद करेपर्यंत उठले नाहीत.

थोड्याच दिवसांत मीराची आई अचानक वारली. मीराकडून लग्नाच्या सीडीसाठी निरोप आला. फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं, पण भाऊ मला घेऊन राजूरला गेले.

आज भाऊ नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला मीराच्या माहेरचा तो ओटाच दिसतो. मीरा दाराशी बसली होती. भाऊंनी झालं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"भाऊ, मी जीपमधी बसताना आई जवळ आल्ती. तेवढं तरी कुठं असंल का?"

नाही म्हणून भागलं असतं. भाऊ म्हणाले, "ते डिस्कमधी बी नव्हतं, बाई. मी कॅमेरा वळवला, तर त्या म्हणल्या, माझं नका घेऊ, रडून तोंड सुजलंय. मंग मी कॅमेरा खाली केला."

"असं म्हणली?"

"हो. पदरानं तोंड पुसून राह्यल्या होत्या."

"अजून काय म्हणली?"

भाऊंनी आठवून पाहिलं. "न्हाई बाई. एवढंच."

मीरा जरा पुढे सरकली. "परत सांगा बरं, कसं म्हणली ती."

भाऊंनी पुन्हा सांगितलं. समोरचा चहा निवला. ती आणखी एकदा विचारत होती आणि भाऊ खाली मान घालून तेवढंच सांगत होते.