सातवी पायली

मंठ्याहून लोणारच्या रस्त्याला लागलं की आमच्या बाजूची शेवटची गावं येतात, आणि पुढं वऱ्हाड सुरू होतं. आता मध्ये जिल्ह्याची पाटी आहे, तीही वाऱ्यानं वाकलेली. पण जुनी माणसं अलीकडच्या मुलखाला अजून मोगलाईच म्हणतात. इकडं निजामाचं राज्य होतं, तिकडं इंग्रजाचं. माणसं सारखी, मेंढरं सारखी, काळी मातीही सारखीच. नाणं तेवढं वेगळं होतं. इकडं निजामाचा हाली रुपया, तिकडं कलदार. कलदार वजनदार. बाजारात दोघांचा दर कमीजास्त होत राहायचा, पण लोकांच्या तोंडी हिशोब एकच बसला होता: सहा कलदाराला सात हाली. वरचा एक रुपया म्हणजे बट्टा.

मेंढपाळांच्या सोयरिकी शिवेला जुमानत नाहीत. सुपारी फोडताना दोन्हीकडून मानाचे रुपये एका घोंगडीवर पडत. तिकडून सहा कलदार, इकडून सात हाली. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. पुढं हाली बंद झाला. मानाला रुपयांऐवजी पायलीच्या मापानं मोजलेली ज्वारी आली. पण मापणाऱ्याचा हात थांबला नाही. पलीकडच्यांनी सहा पायल्या टाकल्या की अलीकडच्यांनी सात टाकायच्या, हे तसंच चालू राहिलं.

आसराबाई पलीकडची लेक. एकोणीसशे सत्तरच्या आसपास ती लग्न होऊन इकडं आली, तेव्हा हाली कुणाच्या खिशात उरला नव्हता. तरी सासऱ्यानं सात पायल्या मोजल्या. त्या दिवसापासून गावानं तिला कलदार म्हटलं. ती होतीही तशीच. उंच, सडसडीत, बोलली तर खणखणीत. दोनशे मेंढरं एका हाकेवर वळवायची. कातरणीच्या दिवसांत गडी दमायचे, ती दमायची नाही. नवरा त्रिंबक हसून म्हणायचा, "हळू बोल, कलदार. नाण्याचा आवाज वऱ्हाडात चालला."

तिची जाऊ बेबीनंदा इथलीच, तीन कोसांवरच्या गावची. तिच्या सुपारीला दोन्हीकडून सहा-सहाच पडल्या होत्या. आसराबाईनं ते तिला विसरू दिलं नाही. पाण्यावर भांडण झालं, चुलीवर झालं, की शेवट ठरलेला. "मला आणायला सात पायल्या लागल्या, बाई. तुझं काय?" बेबीनंदा घागर उचलून निघून जायची.

त्रिंबक गेला. मेंढरं विकली. शिवशंकरनं, म्हणजे आसराबाईच्या मुलानं, शेती धरली. नात प्रांजली शिकली आणि मंठ्याच्या एका दवाखान्यात नर्स झाली. तिला मागणी आली ती आसराबाईच्याच माहेरच्या गावातून. मुलगा चांगला, पोरीला पसंत. म्हातारी आनंदानं दोन रात्री झोपली नाही.

सुपारीच्या आदल्या दिवशी शिवशंकरनं सात पायल्या ज्वारी पोत्यात भरून ठेवली. प्रांजलीनं ते पाहिलं.

"बाबा, सहा भरा."

"का गं?"

"इकडून गेलेल्या पोरींना तिकडं बट्ट्याची म्हणतात. माझ्यासंगची एक तिकडंच दिली. भाजी खारट झाली तरी सासू म्हणते, बट्ट्याचीच हाय."

"एका पायलीनं आपलं काय जातं?"

"पायली न्हाई जात, बाबा. मी जाते. सातवी पडली तर मी पाटावर बसणार न्हाई."

शिवशंकरनं आईकडं पाहिलं. आसराबाई ज्वारीतले खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांच्यात पुढारी भुजंग, नवरदेवाचा चुलता, आसराबाईच्या भावकीतला. घोंगडी अंथरली. त्यांनी सहा पायल्या टाकल्या. इकडून शिवशंकरनं सहा टाकल्या आणि पायली हातात धरून थांबला.

"टाका की सातवी," भुजंग म्हणाला.

"सहाच हायेत," शिवशंकर हळू बोलला.

"असं कसं? बापजाद्यापासून चालू हाय. सातवी पडल्याबिगर सुपारी फुटत न्हाई."

घरात पाट रिकामा होता. प्रांजली दाराआड उभी होती. बाया कुजबुजू लागल्या. भुजंगाच्या मागच्या दोघांनी तर चपला पाहायला सुरुवात केली.

आसराबाई उठून घोंगडीजवळ आली. "भुजंगा, लोणारच्या बाजारात आमची शंभराची नोट कितीला घेतात?"

"शंभरालाच घेतात की, आत्या."

"बट्टा न्हाई कापत?"

"आता कसला बट्टा? सरकार एक, नोट एक."

"मंग ज्वारीला दोन सरकारं कुठून आणली?"

माणसं हसली. भुजंगही हसला, पण हटला नाही. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "आत्या, हे तू बोलून राह्यली? तुझ्यासाठी सात पडल्या तवा तुझ्या बापानं मोजून घेतल्या. आमच्या गावात अजून सांगतात, आसरा सातची होती म्हणून. सातवी खोटी असंल तर तू बी सहाचीच. म्हण तसं. सगळ्यांम्होरं म्हण, मंग मी सहावर सुपारी फोडतो."

हसू थांबलं. बेबीनंदा उंबऱ्यावर बसली होती, तिची नजर जमिनीला लागली. आसराबाईला ठाऊक होतं, बापानं लग्नाआधीच सांगितलं होतं: हा बट्टा जुन्या नाण्याचा हाय पोरी, तुझ्या अंगाचा न्हाई. इतकी वर्षं ते तिनं मनाच्या तळाशी ठेवलं होतं आणि वरून ताठ चालली होती. त्या ताठपणावर तिनं परकं गाव जिंकलं, नवऱ्यामागं संसार ओढला. माणसाला उभं राहायला कशाचा तरी टेकू लागतोच.

तिनं एकदा दाराकडं पाहिलं. मग शिवशंकरच्या हातातली पायली घेतली आणि घोंगडीवर पालथी घातली.

"मी सहाचीच," ती म्हणाली. आवाज खणखणीत नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "सातवी हालीची होती. माही नव्हती."

भुजंगानं पालथ्या पायलीकडं पाहिलं. मग म्हणाला, "बराबर हाय. फोडा सुपारी." दाराआडची पावलं पाटाकडं वळली.

पाहुणे जेवायला बसल्यावर आसराबाई उंबऱ्यावर जावेशेजारी जाऊन टेकली. बेबीनंदानं सरकून जागा दिली.

"पन्नास वर्षं म्या घागरी उचलल्या," बेबीनंदा म्हणाली. "आदी म्हणली असतीस तर काय झालं असतं?"

"तवा तू विचारलं न्हाई."

"तू बोलू दिलं तर विचारणार ना, बये."

आसराबाईनं पदरातली सुपारी काढली, दातानं फोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. बेबीनंदानं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"माही बारकी हाय," ती म्हणाली.

आसराबाईनं आपली अर्धी तिला दिली आणि तिची घेतली.