चार किलोचं गणित

आवळेमामा हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पंप दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून छत्तीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी "अजून अर्धा पीळ आवळ" असं हाताखालच्यांना सांगण्यात गेली. नाव पडलं ते पडलं. मामांचा नियम एकच होता. थरथरतं ते ढिलं असतं, आणि ढिलं असेल ते आवळायचं.

घरीही तेच. खिडकी वाजत नव्हती, नळ गळत नव्हता. बायकोची मांजर तेवढी कह्यात नव्हती. तिचं नाव लुडबुड. हत्यारांचा डबा उघडला की ही त्यात हजर. मामा तिच्यावर दिवसातून दहा वेळा डाफरत आणि अकराव्या वेळी तिला मांडीवर घेत.

बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून बायको चार दिवस तिच्याकडे गेली. निघताना म्हणाली, "लुडबुडला पिसवा झाल्यात. आल्यावर मी दवाखान्यात नेईन. तुम्ही काही दुरुस्ती करायला जाऊ नका."

"ती काय पंप आहे का?"

"तेच सांगतेय."

पण मांजर दिवसभर खाजवत होती, आणि समोर काम पडलेलं दिसलं की मामांना बसवत नसे. शेजारच्या ड्रायव्हरने आपल्या कुत्र्याच्या औषधाची एक नळी आणून दिली. खोकं केव्हाच फेकलेलं होतं. दहा किलोच्या कुत्र्याला एक नळी, मानेवर सोडायची, एवढं त्याला पाठ होतं.

मामा मांजर घेऊन वजनकाट्यावर उभे राहिले, मग एकटे उभे राहिले, आणि वजाबाकी केली. चार किलो.

"अर्धी पिळा की सरळ," ड्रायव्हर म्हणाला.

"दहाला एक, तर चारला अर्धी कशी होईल? म्हणूनच तुझी गाडी सारखी गॅरेजात असते."

नळीत एक मिली औषध होतं. मामांनी सुई काढलेल्या सिरिंजने बरोबर शून्य दशांश चार मिली मोजलं, केस बाजूला केले आणि कातडीवर सोडलं. एक थेंब इकडे तिकडे नाही. उरलेलं औषध झाकण लावून ठेवलं आणि हात धुतले. काम चोख झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुडबुडचे कान फडफडायला लागले. माशी बसली असेल, असं मामांना वाटलं. मग पंजे झटकायला लागली. मग स्टुलावरून धपकन खाली पडली ती कुशीवर, आणि चारही पाय पळत असल्यासारखे हलू लागले. तोंडातून फेस आला. फरशीवर लघवी पसरली. डोळे सताड उघडे होते, पण त्या डोळ्यांत लुडबुड नव्हती.

मामांचं डोकं चालेना, हात मात्र चालले. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं आणि आवळलं. तिचे दात अंगठ्यात आरपार गेले. त्यांनी आणखी आवळलं. छत्तीस वर्षांत आवळल्यावर जास्त थरथरणारी वस्तू त्यांच्या हातात आली नव्हती.

फ्रिजवर बायकोच्या अक्षरात दवाखान्याचा नंबर होता. एका हाताने मांजर दाबून धरत त्यांनी फोन लावला.

"काका, हात काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अहो, पण ती आपटतेय..."

"आधी हात काढा. धरून झटका थांबत नाही. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नको. स्टूल, टेबल लांब सरकवा, पडदा ओढा, आवाज करू नका. सुरू होऊन किती वेळ झाला?"

मामांनी हात काढले आणि घड्याळ पाहिलं. "मोजला नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं.

"आता मोजा. पाच मिनिटांच्या वर गेला तर जिवावर बेततं. अंगाला काही लावलंत का?"

"पिसवांचं औषध. मोजून लावलंय. शून्य दशांश चार."

"मांजरीचं?"

"कुत्र्याचं. पण वजनाच्या हिशोबात."

"काका, कुत्र्याच्या काही औषधांत असं द्रव्य असतं की मांजरीला ते पचतच नाही. तिला ते विष आहे. तिथे हिशोब चालत नाही. झटका थांबो न थांबो, लगेच घेऊन या. नळी पण आणा."

मामा फरशीवरच बसले. गणित त्यांनी मनात पुन्हा केलं. बरोबर होतं. तिसऱ्यांदा केलं. तरीही बरोबर आलं, आणि समोर मांजर मरत होती.

ड्रायव्हरने गाडी काढली.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली. झटके आटोक्यात आल्यावर मानेवरचं औषध भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्याने धुऊन काढलं. अंगठ्याला पट्टी बांधून मामांना इंजेक्शनासाठी माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. "दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मामांनी बायकोला फोन लावला, रिंग वाजायच्या आत कापला.

दुसऱ्या दुपारी ते पिंजऱ्याजवळ बसले असताना पुन्हा झटका आला. हात आपोआप पुढे गेले. मामांनी ते मागे घेतले आणि मांड्यांखाली दाबून त्यावर बसले. डॉक्टरबाईंना हाक मारली आणि भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. एवढं अवघड काम त्यांनी कारखान्यात कधी केलं नव्हतं. हत्तीएवढा पंप उचलणं सोपं.

"एक मिनिट दहा सेकंद," डॉक्टरबाईंना ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी लुडबुडने ताटली चाटली. चौथ्या दिवशी ती घरी आली, आणि संध्याकाळी बायको. ती चप्पल काढत होती तोच मामांनी सगळं सांगितलं. वजनकाटा, सिरिंज, आवळणं, काहीच गाळलं नाही. ती भिंतीला टेकली.

"मारलीच होतीत की हो तुम्ही तिला."

"हो."

"नको म्हटलं होतं ना मी?"

"हो."

दोघं आत जाऊन बसली. लुडबुड हत्यारांच्या डब्यात झोपली होती. झोपेतच तिचा एक कान फडफडला. मामांचे हात झटकन मांड्यांखाली गेले, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. बायकोने त्या दाबलेल्या हातांकडे पाहिलं.

"स्वप्न पडलं असेल तिला. काढा ते हात," ती म्हणाली.

"थांब," मामा म्हणाले. "अजून मिनिट व्हायचंय."