वाळायला ठेवलेली गाडी

जगातला सगळा गंज आपल्या एकट्याच्या गाडीवर टपून बसला आहे, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. मित्र आपण निवडतो, बायको निदान पाहून करतो. साडू मात्र बायकोच्या बहिणीच्या पदरात पडतो आणि तिथून घरंगळत आपल्या गळ्यात येतो. माझ्या गळ्यात आले ते अंगापिंडाने बरे, बोलायला मऊ आणि सदऱ्याच्या खिशात कायम पॉलिश पेपरचा तुकडा बाळगणारे. दुसरे लोक पानसुपारी बाळगतात, तसा.

त्यांची उभी हयात मालवाहू जहाजांवर गेली. खलाशी जग बघतो असं आपल्याला वाटतं. साडूंनी मुख्यतः पत्रा पाहिला. गंज खरवडायचा, अस्तर द्यायचं, रंग मारायचा, आणि जहाजाच्या शेपटापर्यंत पोचावं तर नाकाकडे पुन्हा गंज चढलेला. तुम्ही कुठल्याही परदेशी बंदराचं नाव घ्या, साडू क्षणभर डोळे मिटून म्हणणार, "तिकडे रंग पटकन वाळतो," किंवा "तिकडे वाळता वाळत नाही." त्या देशाबद्दल याहून अधिक काही सांगण्यासारखं असतं, असं त्यांना वाटत नसे.

ते असे पाण्यावर असताना त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, रत्नागिरीत मांडवीकडच्या घरात एकटी राहायची. तिचं माहेर पूर्णगडला. वडील होडीवर होते, आता भाऊ असतो. सणावाराला ताई बोचकं काखेत मारून एस.टी.ने माहेरी जायची, बहुतेक वेळा उभ्याने. सुट्टीवर आलेले साडू दर खेपेला तिला सांगायचे, "कायमचा उतरलो की गाडी घेईन. मग आईकडे गाडीनं जायचं, अगदी दारापर्यंत." ताईने नवऱ्याकडे कधी काही मागितल्याचं मला ठाऊक नाही. हेही तिने मागितलं नव्हतं. त्यांनीच देऊ केलं होतं. म्हणूनच बिचारी ते मनात धरून बसली.

साडू कायमचे उतरले आणि गाडी आली. रंग राखाडी, पण त्यांच्यासमोर राखाडी म्हटलेलं चालायचं नाही, कंपनीने त्या रंगाला दिलेलं भलंमोठं नाव पूर्ण घ्यावं लागे. आणि त्या दिवसापासून साडू पुन्हा जहाजावर चढले. सकाळी चहाच्या आधी गाडीभोवती फेरी. भर उन्हात हातात टॉर्च, कारण तिरका उजेड टाकला की टवका दिसतो म्हणे. तिळाएवढा टवका सापडला तरी चेहरा असा व्हायचा की घरात कुणी गेल्याची बातमी आली असावी. मग साबणाच्या पाण्याने धुणं, थिनरचा बोळा, पॉलिश पेपरने हलकेच घासणं, दातकोरणीच्या टोकाने अस्तराचा ठिपका, वाळेपर्यंत थांबणं. मग छोट्या बाटलीतला रंग, पुन्हा थांबणं. मग वरून चकाकीचं लॅकर, आणि पुन्हा थांबणं. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढासा तर टवका आहे." ते मान वर न करता म्हणाले, "टवका छोटा असतो, साडूभाऊ. गंज छोटा नसतो. आणि हा समुद्र काही झोपत नाही."

ह्या रंगकामापायी ताईच्या संसारातल्या वस्तू एकेक करून गाडीकडे बदलून गेल्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण रंग कालवायला गेलं. जेवणघरातला उभा पंखा लॅकर वाळवायला गेला तो गेलाच, आणि ताई मे महिन्यात चुलीशी बसल्यासारखी घामाघूम होऊन गॅसशी उभी राहायची. शेवटचं पुसायला नव्या फडक्याने ओरखडे उठतात, म्हणून पूर्णगडच्या आमच्या सासूबाईंची जुनी लुगडी मागवली जात. सासूबाई बापड्या खूश होऊन पाठवत. जावयाला आपलं लुगडं लागतं, ह्याचं त्या माउलीला कौतुक होतं.

बरं, त्या गाडीत बसायचं म्हटलं तर बसणाऱ्याची आधी झडती. पट्ट्याचं बक्कल फिरवून घ्या, अंगठी काढून खिशात ठेवा, दार लोटू नका, टेका. माझ्या धाकट्या भावाने एकदा नुसतं बॉनेटवर हात ठेवून "कशी आहे गाडी?" विचारलं, तर साडूंनी त्याचा हात एखाद्या पोराने गरम तव्यावर ठेवल्यागत उचलून बाजूला केला आणि हसत म्हणाले, "बरी आहे. आत्तापर्यंत बरी होती." बाजारात जायचं तर गाडी अशा लांबच्या भिंतीशी उभी करत की तिथून बाजारापेक्षा घर जवळ पडावं. आम्ही हसायचो. ताईही हसायची. "बोटीवरची सवय हो ती, जाईल," म्हणायची.

पूर्णगडला जाण्याचं मात्र सारखं पुढे ढकललं जाई. रस्त्यावर खडी टाकली आहे. आंब्याच्या हंगामात पेट्यांचे टेम्पो सुसाट सुटतात. पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल उडतो, पावसाळा संपला की लाल धूळ. साडूंच्या पंचांगात त्या रस्त्याला मुहूर्तच नव्हता. ताई आपली एस.टी.ने जात राहिली. माहेरी विचारत, "काय गो, गाडी खय?" ती सांगायची, "रंगाचं काम काढलंय." ते खोटं कधीच नव्हतं.

गेल्या मे महिन्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. मी आणि माझी बायको स्कूटरवर आदल्या संध्याकाळीच पूर्णगडला पोचलो. म्हातारी शुद्धीवर होती, पण आवाज खोल गेला होता. थोरली आली का, एवढंच सारखं विचारत होती. बायकोने ताईला फोन लावला. पलीकडून साडूच बोलले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता, हे मी कानाने ऐकलं आहे. "आईंना सांगा, उद्या सकाळी गाडीनं येतोय. दारापर्यंत."

ते ऐकून म्हातारीच्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. तिने मुलाला हाक मारली आणि अंगणात वाळत घातलेली मासळी उचलायला लावली. जाळी गुंडाळून कडेला ठेववली. "गाडी येताना कुठं लागाया नको," म्हणाली. तिला जावयाचा स्वभाव आमच्यापेक्षा चांगला कळला होता.

आणि सकाळी काय झालं? तर जावई पहाटे उठले, गाडी धुतली, आणि सासुरवाडीला पहिल्यांदाच गाडी न्यायची तर नेमके बॉनेटच्या कडेला तीन-चार टवके दिसले. आजारी माणूस आहे, गाव गोळा होणार, सगळे गाडीकडे बघणार. त्यांनी खिशातला कागद काढला. "आटपतंच," म्हणाले. एकदा घासलं की उघडा पत्रा तसा ठेवता येत नाही, अस्तर द्यावंच लागतं. अस्तर दिलं की रंग. रंग दिला की लॅकर. आणि ओलं लॅकर घेऊन त्या रस्त्याने निघालं तर लाल धूळ चिकटून ते कायमचं खरखरीत होतं. हे सगळं अगदी बरोबर आहे. त्यात एकही चूक काढता येणार नाही. फक्त हवा मे अखेरची होती, दमट, घामट, आणि तिच्यात वाळत काहीच नव्हतं.

ताई लुगडं नेसून, पिशवी भरून ओटीवर बसली होती. मध्येच ती उठून म्हणाली, "मी एस.टी.नं होते पुढे." साडू पंखा धरून बॉनेटशी उभे होते. ते म्हणाले, "आता आणि एस.टी.नं? एवढी वर्षं थांबलीस, आता वाळेस्तोवर थांब." आणि ती थांबली. हे तिने मला नंतर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. "मला पण गाडीनंच जायचं होतं हो," एवढंच म्हणाली.

दुपारी म्हातारी गेली. थोरली निघाली का, हे तिने शेवटचं विचारलं तेव्हा आम्ही हो म्हटलं होतं. त्यानंतर बऱ्याच वेळाने गाडी आली. अंगणात जागा मोकळीच होती. कुठेही न घासता, न लागता, आरशासारखी चकचकीत गाडी दारापर्यंत येऊन उभी राहिली. मेहुणा पुढे झाला आणि सरळ मनाने म्हणाला, "आयेन सांगितलान व्हता, दाजींच्या गाडीला जागा ठेवा." साडू स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. त्यांना उतरवायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. मला त्या दिवशी एखादा जांभ्याचा चिरा उचलून त्या बॉनेटवर घालावासा वाटला होता, आणि तो राग पुरता गेला आहे असं मी आजही म्हणणार नाही.

बारावं झाल्यावर ताई परतली ती एस.टी.ने. तेव्हापासून ती त्या गाडीत बसलेली नाही. भांडण नाही, अबोला नाही. साडूंना आवडते तशी खोबरं घातलेली कोलंबी करते, त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळते. कुठे निघायचं झालं की मात्र पायात चपला सरकवून म्हणते, "तुम्ही या गाडीनं. मी होते पुढे." साडूंनी हरतऱ्हेने सांगून पाहिलं. एकदा गाडी विकतो म्हणाले. ताई म्हणाली, "कशाला? चांगली आहे ती."

परवा सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं. माझी बायको तयारीसाठी आधीच गेली होती, म्हणून ताईच्या सोबतीला मी एस.टी.त बसलो. भाट्याचा पूल ओलांडल्यावर सहज मागे पाहिलं तर मागच्या काचेत राखाडी गाडी. आंब्याचे टेम्पो तेच, खडी तीच, आणि साडू एस.टी.च्या अगदी शेपटाला चिकटून. आमच्या चाकांखालची खडी उडून ताड ताड त्यांच्या बॉनेटवर आदळताना मला दिसत होती. ताईने मागे वळूनही पाहिलं नाही, पण थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत विचारलं, "येतायत?"

"येतायत."

"दरवेळी येतात असेच," ती म्हणाली. आणि लगेच, "पावसच्या स्टँडवर एस.टी. थांबली की उतरून सांगा त्यांना. अंतर ठेवा म्हणावं. खडी उडते."

पावसला मी उतरलो. साडूंनी काच खाली केली. वर्षभरात माणूस वाळून गेला होता. बॉनेटला देवी आल्यागत खड्डे पडले होते, काही जुने, लाल पडू लागलेले. मी निरोप सांगितला. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "अंतर ठेवलं की मध्ये टेम्पो घुसतात, साडूभाऊ. मग ती दिसत नाही." ती उतरणार पूर्णगडला, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. कंडक्टरने घंटी मारली म्हणून मी परत चढलो आणि त्यांचे शब्द होते तसे ताईला सांगितले.

एस.टी. स्टँडबाहेर पडता पडता तिने पिशवी उचलली, दांड्याला धरत धरत मागे गेली आणि अगदी शेवटच्या बाकावर, मागच्या काचेला पाठ लावून बसली.

"तिथे धक्के बसतील हो ताई," मी म्हटलं.

"बसूदेत," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून तिने पिशवी मांडीवर घेतली.