गफ्फार टेलरच्या भिंतीवरचा पूर्व प्रशिया

अनंत गुरुजींनी मोताळ्याच्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला, त्यातला बराचसा पूर्व प्रशियाचा. जर्मनीचा हा जुना प्रांत रशिया-पोलंडने केव्हाच वाटून घेतला होता. पण शाळेत युरोपचा म्हणून जुन्या जर्मनीचा तेवढाच एक नकाशा होता. सोयाबीनवाल्यांच्या मुलांना तिथली सरोवरे, राय धान्य, बटाटे आणि घोडे तोंडपाठ असत. पुढे कोणालाच त्यांचा उपयोग झाला नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाळेने श्रीफळासोबत नकाशाही दिला. गुरुजींच्या पत्नी चारुलताबाई म्हणाल्या, "घरात एक तर हा राहील, नाही तर माझे पापड." म्हणून नकाशा गफ्फार टेलरच्या दुकानात लागला आणि त्याच्याखाली रोज गुरुजी बसू लागले.

यंदा गफ्फारने नकाशाच्या जागी लावायला आरसा आणला.

"गुरुजी, गिऱ्हाईकाले नवा शर्ट घालून पाहा लागते. या नकाशात काय पाहीन तो?"

"समुद्र."

तेवढ्यात गफ्फारची बायको गुलनाज मागच्या घरातून आली. आईने दिलेली तिची पिवळ्या मण्यांची जपमाळ नणंदेने प्लास्टिकची ठरवली होती; ते खरे का, असे तिने गुरुजींना विचारले. गुरुजींनी तुटून निघालेला एक मणी उजेडात धरला आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला.

"हा कहरुबा. लाखो वर्षांपूर्वीच्या झाडांचा डिंक, दगड झालेला. पूर्व प्रशियाचं सगळ्यात मोठं धन. खाऱ्या पाण्यात तरंगतो, नकली मणी बुडतो."

"तरंगला तं नकाशा राहीन," गफ्फार म्हणाला. "बुडाला तं आरसा."

दुसऱ्या दिवशी गुरुजी एक बाटली घेऊन आले. चिठ्ठीवर लिहिले होते: 'लोणार सरोवर, शालेय सहल, १९९८'.

"इतके वर्षं कशाले ठेवली हो?" गफ्फारने विचारले.

"याच दिवसासाठी," गुरुजी म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते खरे वाटले.

पाणी ग्लासात ओतले. मणी सोडला. तो सरळ तळाशी जाऊन बसला.

गफ्फारने हातोडी घेतली. गुरुजी नकाशाची दोरी सोडू लागले, पण गाठ काही सुटेना. इतक्या वर्षांत एकदाच कोणी आपणहून पूर्व प्रशियातले काही विचारले, तेही असे बुडाले.

गुलनाजने ग्लासात बोट बुडवून चाटले.

"हे तं फिक्कं हाय, गुरुजी."

ती आत गेली आणि खारातल्या कैऱ्यांची बरणी घेऊन आली. मणी त्यात टाकला. दोन कैऱ्यांच्या मधून तो वर आला आणि हेलकावे खात राहिला.

"नणंदेले बोलावतो आता," ती म्हणाली. "बरणी कोणी हलवू नका."

गफ्फार शब्दाचा पक्का. नकाशा राहिला. आरसा त्याने समोरच्या भिंतीवर ठोकला.

आता गुरुजी नकाशाकडे पाठ करून बसले की समोर आरशात पूर्व प्रशिया पश्चिमेला दिसतो. ते दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत बसतात, तिकडे पाहू नका, ते चूक आहे.